काळं म्हणजे पाणीच का? रडारचे पूर-नकाशे, ऊस आणि ढगांचे माथे

काळा_कातळ

नमस्कार मंडळी,

दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर तोच खेळ सुरू होतो. काळ्या-करड्या रंगाचा एक नकाशा फिरायला लागतो, खाली "सॅटेलाईटनं टिपलेला महापूर" असं लिहिलेलं असतं, आणि लोक त्यात आपापलं गाव शोधत बसतात. कुणाचं रान कोरडं ठणठणीत असून नकाशात काळं, तर कुणाच्या घरात छातीभर पाणी असून गाव पांढरंफटक. मग दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, सॅटेलाईट खोटं बोलत नाही. दुसऱ्याचं, सगळं बोगस आहे. रडारच्या प्रतिमा वाचणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी कॅमेऱ्यासारखे उपग्रह. युरोपचा सेंटिनेल-२, अमेरिकेचा लँडसॅट हे सूर्यप्रकाशावर चालतात. जमिनीवरून परतलेला प्रकाश ते वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतात. सेंटिनेल-२ कडे अशा १३ पट्ट्या आहेत आणि त्यातल्या काहींत १० मीटर बाय १० मीटरची चौकट सुटी दिसते. दर पाच दिवसांनी फेरी, महाराष्ट्रावरून सकाळी अकराच्या सुमारास. ऐकायला झकास. पण जुलै-ऑगस्टात सकाळी अकराला सांगली-कोल्हापूरच्या डोक्यावर काय असतं? ढग. पूर येतो तेव्हा तर हमखास ढग. चित्राची खरी गरज असते नेमकी तेव्हाच हाती पांढरा पडदा येतो.

म्हणून रडार. सेंटिनेल-१ सूर्याची वाट बघत नाही. तो स्वतःच सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि माघारी आलेला प्रतिध्वनी मोजतो. लहरीची लांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर. ढगातले थेंब तिच्यापुढे इतके बारीक की ती त्यांना जुमानत नाही. रात्र असो, मुसळधार असो, काम चालू. आणि हे रडार सरळ खाली बघत नाही, तिरकं बघतं, सगळी गंमत त्यातच आहे. संथ पाण्यावर पडलेली लहर आरशावर पडलेल्या उजेडासारखी दुसऱ्या बाजूला निघून जाते, उपग्रहाकडे काहीच येत नाही, म्हणून पाणी काळं. नांगरटीच्या ढेकळांवर लहर चहूकडे विखुरते, थोडी परत येते, म्हणून रान करडं. घराची भिंत आणि समोरचा रस्ता यांच्या कोपऱ्यात सापडलेली लहर दोनदा आपटून थेट माघारी येते, म्हणून गावं-शहरं पांढरी.

आता २०१९ चा ऑगस्ट आठवा. सांगलीत आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला धोका ४३ फुटांना, पाणी ५५ च्या वर. अशा पुराची प्रतिमा उघडली की शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या आसपास काळा विस्तार पसरलेला दिसतो. पण त्यात मधूनमधून करडे तुकडे असतात. चौकोनी, बांधाला धरून कापल्यासारखे. नवखा माणूस म्हणतो, ही उंचावरची कोरडी जागा. शिरोळच्या त्या सपाट मळीच्या रानात एवढी उंच जागा कुठली आलीय! तो ऊस असतो.

गेल्या वर्षीची आडसाली (पावसाळ्यात लावलेली) लागण ऑगस्टात माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. बुडाशी चार फूट पाणी का असेना, साडेपाच सेंटिमीटरची लहर वरच्या पाल्यातच गुरफटते आणि "इथे पीक आहे" एवढाच निरोप घेऊन परतते. पाण्यापर्यंत ती पोचलेलीच नसते. ऊस शेंड्यासकट बुडाला तरच तिथे काळं दिसतं. म्हणजे ज्याचा सुरूचा (हिवाळ्याअखेर लावलेला) ऊस बुटका, त्याचं नुकसान नकाशावर येतं. शेजारच्याची आडसाली त्याच पाण्यात उभी, तरी नकाशात तो कोरडा.

उलटा घोटाळाही आहे. भात लावणीसाठी चिखलणी केलेलं खाचर रडारला पूरच वाटतं. सह्याद्रीच्या उभ्या कड्यामागे तिरकी लहर पोचत नाही, तिथे सावली पडते, तीही काळीभोर. विमानतळाची धावपट्टी काळी. आणि भर पुरात सोसाट्याचा वारा असला तर पाण्यावर लाटा उठतात आणि खरं पाणी करडं दिसतं!

चांगला पूर-नकाशा करणारा या गोष्टी निस्तरतो. पुराआधीची त्याच कक्षेतली प्रतिमा लावून फरक काढतो, नेहमीची नदी आणि जलाशय वजा करतो, उताराच्या नकाशावरून डोंगरातलं काळं पुसतो. (हा उंचीचा नकाशा बहुतेक ठिकाणी २००० साली एंडेव्हर यानानं ११ दिवसांत रडारनं घेतलेल्या मोजणीचा असतो. पंचवीस वर्षं जग त्यावर जगतंय.) व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रात यातलं काही केलेलं नसतं.

स्वतः बघायचं असेल तर कोपर्निकस ब्राउझर फुकट आहे. खातं काढा, सेंटिनेल-१ निवडा, आपलं गाव गाठा, मे महिन्यातली आणि ऑगस्टातली प्रतिमा शेजारी लावा. शंका इथेच विचारा.

वळवाचा_पाऊस

अप्रतिम धागा! पहिल्यांदाच कळलं की शहर पांढरं का दिसतं. म्हणजे कोल्हापूरजवळच्या चिखलीत किंवा आंबेवाडीत गल्लीत पाणी असलं तरी रडारला कळणार नाही? आणि हे सगळं युरोपचंच का, आपल्या इस्रोचं रडार नाही का?

काळा_कातळ

@वळवाचा_पाऊस, गल्लीतलं पाणी या साध्या पद्धतीनं कळत नाही. उलट रस्त्यावर पाणी साचलं की भिंत-पाणी हा कोपरा आणखी चकचकीत होतो आणि कधीकधी गाव आधीपेक्षा पांढरं दिसतं. त्या फरकावरून पाणी ओळखायच्या पद्धती आहेत, पण त्याला पुराआधीच्या बऱ्याच प्रतिमा लागतात.

आपलं रडार आहे की. रिसॅट-१ एप्रिल २०१२ मध्ये गेला, त्याच जातीचा ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ मध्ये. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) केंद्र पुराचे नकाशे काढून भुवन या इस्रोच्या नकाशांच्या संकेतस्थळावर टाकतं, त्यात ईओएस-०४ वापरतात; रिसॅट-१ आता बंद पडलाय. शिवाय मोठी आपत्ती आली की अंतराळ संस्थांचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याखाली दुसऱ्या देशांच्या प्रतिमाही मिळतात. मी सेंटिनेल-१ घेतला कारण तो तुम्ही-आम्ही घरबसल्या उघडू शकतो.

उसाचा_मळा

मी शिरोळचा. काळा_कातळ, तुम्ही लिहिलेलं वाचून डोकं सुन्न झालं बघा. २०१९ ला आमच्या रानात सात दिवस पाणी होतं. पाणी उतरल्यावर एक साहेब आले, त्यांच्या मोबाईलात असलाच नकाशा. म्हणाले, तुमच्या गटात पूर दिसत नाही. मी म्हटलं, साहेब, चपला काढून जरा उसात चला की! गुडघाभर गाळ होता आत.

शहरातल्या लोकांना सांगतो, पुरात ऊस कसा जातो ते. पाणी शेंड्यावरनं गेलं तर पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत) गाळ बसतो, पोंगा कुजतो, वाढच थांबते. शेंडा वर राहिला तर ऊस मरत नाही लगेच. खालच्या कांड्यांना पाण्यातच मुळ्या फुटतात, डोळे फुटून पांगशा (बाजूचे कोंब) येतात, आतनं ऊस पोकळ होत जातो. वरनं बघाल तर पंधरा दिवस हिरवागार. वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही गेलेलं असतं. ते कळतं कधी, तर कारखान्याच्या काट्यावर.

मग तुमचा हा उपग्रह पूर गेल्यावर तरी बघतो का नाही?

शंकेखोर_शेजारी

धागा माहितीपूर्ण आहे, पण निष्कर्ष काय? अब्जावधी खर्चून आकाशात यंत्र ठेवलं, त्याला उसाखालचं पाणी दिसत नाही, गल्लीतलं दिसत नाही, कोकणात चिखलाला पूर म्हणतं. त्यापेक्षा गावात एक तलाठी आणि एक ड्रोन पुरे. भर पावसात उपग्रह, उपग्रह नाचवणं हे फक्त टीव्हीवाल्यांचं काम.

आंबेमोहोर_मावळ

@शंकेखोर_शेजारी, भर पावसात ड्रोन उडवून दाखवा, मी भाडं देतो. :)

चिखलणीबद्दल थोडी भर. रडारला खाचर पुरासारखं काळं दिसतं ही नुसती चूक नाही, भाताचं क्षेत्र मोजणारे नेमकं तेच वापरतात. जूनमध्ये करडं, लावणीच्या वेळी अचानक काळं, मग रोप वाढेल तसं महिन्याभरात पुन्हा उजळत जाणारं, अशी चाल भाताशिवाय दुसऱ्या पिकाची नसते. आमच्याकडे मावळात ढगांमुळे पूर्ण खरिपात एखादं धड छायाचित्र मिळालं तरी नशीब, त्यामुळे भातासाठी रडारच. फक्त खाचरं इतकी चिंचोळी असतात की डोंगरउतारावरच्या दोन गुंठ्यांच्या तुकड्यात बांध, झाड आणि पाणी एकाच चौकटीत कालवलं जातं. पंजाबची लांबरुंद शेतं आणि आमची खाचरं एकाच मापानं मोजायला गेलं की आकडे चुकतात.

काळा_कातळ

@उसाचा_मळा, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे. पूर गेल्यावर बघतो, पण तिथेही अडचण तुम्ही सांगितलीत तीच.

निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं, कारण हरितद्रव्याला तो लागतो. त्याच्या शेजारचा, डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या सच्छिद्र पेशींमुळे भरपूर परततो. या दोन्हींतला फरक भागिले बेरीज, म्हणजे एनडीव्हीआय. विम्याच्या, दुष्काळाच्या बातम्यांत येणारा "हिरवाई निर्देशांक" तो हाच. उघड्या जमिनीवर शून्याच्या थोडा वर, भरलेल्या पिकावर ०.८ च्या पुढे. घोळ असा की दाट उसात वरच्या दोन-तीन पानांच्या थरांतच लाल प्रकाश संपतो आणि आकडा कमाल टोकाला जाऊन बसतो. त्याच्या खाली ऊस दहा कांड्यांचा आहे की वीस, भरीव आहे की पोकळ, निर्देशांकाला फरक पडत नाही. पोंगा कुजल्यावर पानं पिवळी पडायला लागतात तेव्हा कुठे आकडा घसरतो. सेंटिनेल-२ मध्ये लाल आणि अवरक्त यांच्या मधल्या तीन अरुंद पट्ट्या आहेत, त्यांना हा ताण थोडा आधी कळतो. पण ढग हटायला हवेत, आणि सप्टेंबर तुम्हाला माहीत आहेच.

@शंकेखोर_शेजारी, तलाठी हवाच, त्याच्याबद्दल वाद नाही. पण पाचशे गावांत एकाच दिवशी पाणी शिरतं तेव्हा पहिल्या रात्री बोटी कुठे पाठवायच्या हे ठरवायला तलाठ्याचा पंचनामा उपयोगाचा नसतो, त्याचं स्वतःचं घर पाण्यात असतं. तिथे हा काळा-करडा नकाशा कामाला येतो. एकेका गटाची भरपाई ठरवायला तोच नकाशा वापरणं हा गुन्हा. माझं भांडण यंत्राशी नाही, वापरणाऱ्याशी आहे. यंत्रानं वरचा थर मोजला, वाचणाऱ्यानं तो बुडापर्यंतचा समजला.

पाटीखडू

मी नववी-दहावीला भूगोल शिकवते. मुलं विचारतात, डोळ्याला न दिसणारा प्रकाश मोजून शेतकऱ्याला काय मिळालं? मी नारळाची गोष्ट सांगते. १९७० मध्ये केरळात नारळाला मूळकुजव्यासारखा एक रोग लागला होता. पिशारोथ राम पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून बागांची अवरक्त रंगीत फिल्मवर छायाचित्रं घेतली. डोळ्यांना हिरवी दिसणारी झाडंही फिल्मवर वेगळ्या रंगाची आली, म्हणजे रोग दिसायच्या आधी कळला. भारतातल्या सुदूर संवेदनाची सुरुवात याच प्रयोगापासून मोजतात. तेव्हा आपला एकही उपग्रह वर नव्हता. भास्कर-१ गेला १९७९ मध्ये आणि रोजच्या वापराचा आयआरएस-१ए १९८८ मध्ये, तोही बैकानूरहून रशियन रॉकेटवर.

पुणेकरांसाठी: हे पिशारोटी म्हणजे पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. पुण्यात हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

एक प्रश्न. लोणारचं पाणी २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा उपग्रहातून दिसलं म्हणे. खरं का?

काळा_कातळ

खरं. लँडसॅट-८ च्या मे अखेरच्या आणि १० जूनच्या प्रतिमा शेजारी ठेवल्या की हिरवट तळं गुलाबी झालेलं स्पष्ट दिसतं. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, लँडसॅटची चौकट ३० मीटरची, म्हणजे काठापासून काठापर्यंत साठेक चौकटी. रंग दिसायला पुष्कळ. पण का झालं हे उपग्रहानं नाही सांगितलं. ते पुण्याच्या आघारकर संस्थेत पाण्याचा नमुना तपासल्यावर कळलं: पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांनी रंग दिला. शाळेत सांगायला उत्तम उदाहरण, बाटली आणि उपग्रह दोन्ही लागतात.

घाटवाटांचा_वाटसरू

वाचतोय. माझी शंका पावसाची. मी ताम्हिणीजवळ राहतो. मोबाईलमधलं उपग्रहावरचं पाऊस दाखवणारं ॲप आमच्याकडे "हलका पाऊस" म्हणतं आणि इथे अंगणातलं घमेलं तासात भरतं. उलट एप्रिलमध्ये ॲप मराठवाड्यावर लालभडक राक्षस दाखवतं आणि तिकडचा मेव्हणा म्हणतो, नुसती धूळ उडाली. हे काय प्रकरण?

काळा_कातळ

@घाटवाटांचा_वाटसरू, सुंदर प्रश्न, आणि मघाच्या उसाचाच भाऊ आहे हा.

इन्सॅट-३डीआर, ३डीएस हे ३६,००० किलोमीटरवरून अर्ध्या-अर्ध्या तासाला प्रतिमा पाठवतात. रात्रंदिवस चालते ती औष्णिक अवरक्त पट्टी, तिची चौकट ४ किलोमीटरची. तिला दिसतं काय, तर ढगाच्या माथ्याचं तापमान. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि उंच ढग म्हणजे जोराचा पाऊस, असा ढोबळ हिशेब. वळवाच्या गडगडाटी ढगाला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. पण मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये खालची हवा इतकी कोरडी असते की उंच ढगातून निघालेला पाऊस वाटेतच विरतो. माथा थंडगार, जमीन कोरडी, तुमचा मेव्हणा खरा.

घाटात उलटं. अरबी समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीला थडकून वर चढते, ढग फार उंच जायच्या आत तिथल्या तिथे ओततो. माथा बुटका, म्हणून उबदार, म्हणून उपग्रहाच्या लेखी किरकोळ. सूक्ष्मलहरी मोजणारे उपग्रह जास्त भरवशाचे, पण जमिनीवरचा पाऊस ते मुख्यतः ढगातल्या बर्फकणांवरून ओळखतात, आणि घाटातल्या बुटक्या ढगात बर्फ कमी. २०१४ पासून वर असलेला जीपीएम हा मोठा उपग्रह ढगाच्या आत रडारनं बघतो, मात्र तो एका जागेवर सतत नसतो. या सगळ्यांची मोट बांधून केलेल्या तक्त्यांतही पश्चिम घाटावरचा पाऊस कमी भरतो, हे अभ्यासकांत सर्वमान्य आहे. म्हणून ताम्हिणी, महाबळेश्वरसाठी पर्जन्यमापकच.

चौकटीचा आकार हा आणखी एक घोळ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात! दहा-अकरा किलोमीटरच्या चौकटीत सरासरी काढली की असा पाऊस बोथट होतो.

पोल्डरवासी

नेदरलँड्सहून. इथलं माझं मुख्य काम हवेचं, म्हणून हवेबद्दल लिहितो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये गेलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावर ट्रोपोमी नावाचं डच उपकरण आहे. परावर्तित सूर्यप्रकाशातून नायट्रोजन डायऑक्साइडनं नेमके कोणते रंग खाल्ले हे बघून तो वायू किती आहे ते काढतं. २०२० च्या टाळेबंदीत दिल्ली-मुंबईवरचे डाग फिके झालेले सगळ्यांनी पाहिले असतील. महाराष्ट्राचा वर्षाच्या सरासरीचा नकाशा काढला तर मुंबई तर दिसतेच, पण पूर्वेला चंद्रपूर उठून दिसतं. औष्णिक वीज केंद्र, दुसरं काय.

मात्र काळा_कातळ म्हणतात तोच सापळा इथेही आहे. ट्रोपोमी जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेच्या खांबातला वायू मोजतं, तुमच्या नाकाशी किती आहे ते नाही. शिवाय भारतावरून जातं दुपारी दोनच्या आसपास. सकाळ-संध्याकाळची वाहतूक कोंडी त्याच्या वाट्याला येतच नाही. पुण्यातल्या एका मित्रानं घर घेताना ट्रोपोमीचा नकाशा बघून पेठ ठरवायची म्हटलं, त्याला सांगितलं की बाबा, याची एक चौकट साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरची. तुझ्या सगळ्या पेठा एका चौकटीत बसतात.

अवांतर: डेहराडूनची आपली सुदूर संवेदन संस्था १९६६ मध्ये डच आयटीसीच्या मदतीनं सुरू झाली होती, तेव्हा फक्त विमानातल्या छायाचित्रांसाठी. जुनी सोयरीक आहे.

शंकेखोर_शेजारी

बरं, पूर आणि हवा मान्य. पण आमच्या तालुक्यात एक जण "सॅटेलाईटनं पाणी शोधून देतो" म्हणून बोअरचे पॉइंट काढून देतो. नारळवाला पाणाड्या परवडला, हा जास्त घेतो. त्यावर काय म्हणणं आहे?

काळा_कातळ

नारळ निदान नंतर खाता येतो. :)

भूजल खरंच "मोजणारे" उपग्रह आहेत: २००२ मध्ये गेलेली ग्रेसची जोडी. दोन उपग्रह एकमेकांमागे सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून उडायचे, खाली वस्तुमान वाढलं-घटलं की गुरुत्व बदलून त्यांच्यातलं अंतर केसाहून कमी बदलायचं, त्यावरून हिशेब. पंजाब-हरियाणा-राजस्थानातला उपसा त्यांनी उघड केला. पण ते शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याचं बोलतात, तुमच्या गटाचं नाही. तुमच्या बोअरपर्यंत खडकात शिरून बघणारा उपग्रह अस्तित्वात नाही.

हां, उपग्रह चित्रात भूपृष्ठावरच्या रेषा दिसतात. धुळे-नंदुरबारकडे बेसाल्टात घुसलेल्या उभ्या भिंतींसारख्या डाइक मैलोन्‌मैल सरळ रेषेत दिसतात, त्यांच्यामुळे पाणी कुठे अडतं, कुठे वाहतं याचा अंदाज येतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा असे नकाशे वापरते. पण ती सुरुवात असते, मग जागेवर जाऊन विहिरी बघणं, विद्युत रोध मोजणं. घरबसल्या पॉइंट देणाऱ्याला दारात उभं करू नका.

कृष्णाकाठचा_वाघ

सगळं ठीक, पण मुख्य मुद्दा कुणीच बोलत नाही. अलमट्टी धरणाचा फुगवटा (मागे साचत जाणारं पाणी) उपग्रहात दिसतो की नाही ते सांगा. दिसत असेल तर कर्नाटक

प्रशासक

वरचा प्रतिसाद संपादित केला आहे. अलमट्टीसाठी वेगळा धागा आहे, तिथे साडेचारशे प्रतिसाद आधीच झालेत. इथे विषयाला धरून लिहावे.

काळा_कातळ

प्रशासकांचा मान राखून फक्त तांत्रिक उत्तर: प्रतिमा त्या क्षणी पाणी कुठवर पसरलंय ते दाखवते. ते पावसाचं, विसर्गाचं की फुगवट्याचं, हे पाण्यावर लिहिलेलं नसतं. त्याला पातळ्या आणि विसर्गाचे तासातासाचे आकडे लागतात. शिवाय सेंटिनेल-१ चा एकेक उपग्रह त्याच वाटेवर १२ दिवसांनी परततो. पाण्याची कमाल पातळी दोन फेऱ्यांच्या मधे येऊन गेली तर प्रतिमेत ती नसतेच.

उसाचा_मळा

राजकारण राहू द्या. मला एवढंच सांगा, उसाखालचं पाणी दिसेल असं काही येणार हाय का नाही?

काळा_कातळ

आलंय. निसार, इस्रो आणि नासाचा मिळून केलेला, ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. १२ मीटर व्यासाची जाळीची तबकडी, दोन रडार. एक इस्रोचं, साधारण साडेनऊ सेंटिमीटरच्या लहरीचं. दुसरं नासाचं, २४ सेंटिमीटरच्या लहरीचं. लहर लांब असली की ती पाल्याला फारशी भीक घालत नाही, खाली उतरते, पाण्यावर आपटते, तिथून खोडावर आपटते आणि जोरात माघारी येते. म्हणजे झाडोऱ्याखालचं पुराचं पाणी काळं दिसत नाही, उलट लखलखीत पांढरं होतं. जपानच्या जर्स-१ नं १९९० च्या दशकात ॲमेझॉनच्या जंगलाखालचं पाणी याच युक्तीनं टिपलं होतं.

तरी मी इतक्यात नाचणार नाही. जंगलात खोडं जाड आणि लांब लांब असतात. आपला ऊस पाणीदार, दाट, सरी-वरंब्यात ठासून भरलेला. शिवाय पुरात लोळलेला ऊस आणि उभा ऊस यांचा प्रतिध्वनी वेगळा. शिरोळ-हातकणंगल्यात कुणीतरी पुराच्या दिवसांत प्रत्यक्ष उसात उभं राहून पाण्याची खोली नोंदवली, आणि ती त्याच दिवसाच्या प्रतिमेशी ताडली, तरच हे नकाशे तुमच्या उपयोगाचे होतील. ते काम हैदराबाद-अहमदाबादला बसून होत नाही.

उसाचा_मळा

मग ते आम्हीच करतो की. पुरात आम्ही रानाकडंच असतो. काय काय लिहून ठेवायचं सांगा.

काळा_कातळ

हे झालं तर फार मोठं काम होईल. पाणी शिरलं की मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून फोटो काढा. बांधावरून नको, उसाच्या सरीपर्यंत जाता आलं तर तिथला, आणि जीव धोक्यात घालून मुळीच नको. काठीवर फुटाच्या खुणा करून ती फोटोत धरा. लागण कोणती ते लिहा: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, आणि ऊस उभा की लोळलेला. ई-पीक पाहणीत नोंद असेल तर तिचा फोटोही जोडून ठेवा, म्हणजे तिथे ऊसच होता याला पुरावा राहतो. वेळ महत्त्वाची. सेंटिनेल-१ आपल्यावरून सकाळी किंवा संध्याकाळी साडेसहाच्या आसपास जातो, आणि कोणत्या दिवशी कुठून जाणार हे आधीच जाहीर झालेलं असतं. जूनच्या सुरुवातीला शिरोळवरच्या तारखा मी इथे टाकतो.

पाटीखडू

आमच्या शाळेतली मुलंही करतील हे. कुरुंदवाडच्या बाजूला ओळखीच्या दोन शाळा आहेत, त्यांनाही विचारते.

वळवाचा_पाऊस

भारीच! कोपर्निकस ब्राउझर उघडून बसलोय. एकाच महिन्यातल्या दोन प्रतिमा लावल्या तर एकात डोंगराची पूर्वेकडची बाजू उजळ, दुसऱ्यात पश्चिमेकडची. माझं काही चुकतंय का?

काळा_कातळ

चुकत नाही. एक फेरी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना घेतलीय, दुसरी दक्षिणेकडून उत्तरेकडे. तिरकं बघायची बाजू बदलली की डोंगराचा उजळ उतार आणि सावली दोन्ही फिरतात. पुराआधीची आणि नंतरची तुलना करताना दोन्ही प्रतिमा एकाच दिशेच्या फेरीतल्या घ्या, नाहीतर सह्याद्रीत भलताच पूर सापडेल. सपाटीला फरक कमी पडतो, पण सवय लावून घ्या.

@उसाचा_मळा, गट नंबर इथे उघड टाकू नका, व्यनि करा. २०१९ ची जुनी प्रतिमा काढून तुमच्या रानात तेव्हा काय दिसत होतं ते बघतो.